१९७८ ची ला स्काला आणि आजची ला स्काला : फरक नेमका कुठे आहे?

डॅलसकर

नमस्कार मंडळी,

गेली अकरा वर्षे मी टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला राहतो. आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी यंदा घर मोकळे करायला काढले, आणि त्यांच्या गॅरेजमध्ये गवत कापायच्या यंत्रामागे उभी असलेली क्लिप्श कंपनीच्या ‘ला स्काला’ लाउडस्पीकरांची १९७८ सालची जोडी माझ्या पदरात पडली. दोन्हींचे क्रमांक लागोपाठचे आहेत आणि बर्च प्लायवूडच्या पेट्यांवर चहाच्या कपांच्या वर्तुळांखेरीज विशेष इजा नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुमारे ९० सेंटिमीटर उंच, ६० रुंद आणि ६२ खोल अशी ही पेटी आहे. खालच्या स्वरांसाठी असलेला पंधरा इंची वूफर तिच्या पोटात दडवलेला असतो आणि त्याचा आवाज घडी घातलेल्या लाकडी कर्ण्यातून दोन बाजूंनी बाहेर पडतो. वरच्या कप्प्यात मधल्या स्वरांसाठी एक लांबट कर्णा आणि बारीक स्वरांसाठी छोटा ट्वीटर बसवलेला असतो. म्हणजे तिन्ही विभागांना कर्णेच आहेत.

माझ्या एका मित्राकडे याच ला स्कालाची अलीकडची ‘एएल५’ ही आवृत्ती आहे. त्याच्याकडे आणि माझ्याकडे आलटून पालटून आम्ही मल्लिकार्जुन मन्सूर यांचे गायन, किशोरीताईंची एक मैफल आणि पखवाजाचे एकल वादन ऐकले. माझ्या जुन्या जोडीवर पुरुषाचा आवाज भरदार आणि ऊबदार वाटतो, पण तानपुरा मागे एका सपाट पडद्यासारखा पसरलेला असतो. मित्राकडे तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणझणता गुंजारव, स्वच्छ ऐकू येते, डग्ग्याचा घुमारा जागच्या जागी थांबतो, मात्र मन्सूरांचा आवाज थोडा सडसडीत झाल्यासारखा वाटतो आणि आवाज वाढवला की कानाला किंचित टोचतो.

माझा प्रश्न असा की हा फरक मूळ आराखड्यातल्या बदलाचा आहे, वापरलेल्या सामग्रीचा आहे, की केवळ ४०-४५ वर्षांच्या वयाचा? इथल्या जाणत्या लोकांपैकी काहीजण सांगतात की जुन्याला हात लावू नका, त्याचा गोडवा जाईल. काहीजण सांगतात की विकून टाका आणि नवे घ्या. दोन-तीन वर्षांत पुण्याला परतण्याचा विचार आहे, तेव्हा जे काही ठेवीन ते समुद्रमार्गे सोबत येणार आहे, हेही लक्षात घ्यावे. माझ्याकडे व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर आहे, वाहिनीमागे जेमतेम आठ वॉटचा. मित्राकडे ट्रान्झिस्टरचा, चांगला दणकट.

काळी_एक

आपला प्रश्न नेमका आहे, पण आपण ज्याला ‘जुनी आणि नवी यांतला फरक’ म्हणता त्यात किमान चार-पाच वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे: पेटीचे लाकूड, मधला कर्णा, क्रॉसओव्हर (आवाज तिन्ही विभागांत वाटून देणारे मंडल), लोटलेली वर्षे, आणि आपण दोघांनी वापरलेले दोन भिन्न ॲम्प्लिफायर व दोन भिन्न खोल्या. यांतल्या लोटलेल्या वर्षांना आवृत्तीतला फरक म्हणताच येणार नाही, कारण १९७८ साली कारखान्यातून बाहेर पडलेली जोडी आज आपण ऐकता तशी वाजत नव्हती. माझ्याकडे १९८१ ची जोडी आहे आणि ती १९९९ मध्ये मी घरसामानाच्या कंटेनरमधून पुण्याला आणली, त्यामुळे पुढे जे लिहितो ते बहुतेक स्वतःच्या हाताने केलेले आणि काही बाबतींत आधी बिघडवलेले आहे.

सर्वांत आधी क्रॉसओव्हर पाहावा. आपल्या जोडीत बहुधा ‘टाइप एए’ हे मंडल असेल. त्यात वूफर आणि मधला कर्णा यांची विभागणी ४०० हर्ट्झला आणि मधला कर्णा व ट्वीटर यांची ६००० हर्ट्झला होते. मधल्या कर्ण्याच्या वाटेवर १३ मायक्रोफॅरॅडचा एक आणि ट्वीटरच्या वाटेवर २ मायक्रोफॅरॅडचे दोन असे पत्र्याच्या डब्यांतले तेलाचे कपॅसिटर असतात. काळाच्या ओघात या डब्यांचा अंतर्गत रोध वाढत जातो आणि तो वाढला की वरच्या सप्तकांचा आवाज गुपचूप खाली बसतो. हे इतके सावकाश घडते की रोज ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि मग त्या मंदावलेपणालाच ‘जुना गोडवा’ असे नाव मिळते. माझ्या जोडीत कपॅसिटर बदलण्यापूर्वी आणि बदलल्यावर साध्या मायक्रोफोनने मोजले तेव्हा ७००० हर्ट्झच्या वर जवळपास ३ डेसिबलचा फरक आला. तानपुऱ्याची जवारी ज्या सूक्ष्म स्वरांनी बनते त्यांतले वरचे स्वर त्या पट्ट्याच्या दिशेने चढत जातात, तेव्हा आपल्याकडचा ‘सपाट पडदा’ कुठून आला असेल याचा अंदाज करता येईल.

त्याच मूल्यांचे पॉलिप्रोपिलीनचे कपॅसिटर बसवावेत, मूल्ये बदलू नयेत. मधल्या कर्ण्याचा आवाज वूफरशी जुळवणारा जो ऑटोट्रान्सफॉर्मर त्यात आहे तो आणि तारेची वेटोळी यांना वय होत नाही, त्यांना तसेच राहू द्यावे. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. अमेरिकेत पीसीबी नावाच्या विषारी तेलावर १९७९ मध्ये बंदी आली आणि आपली जोडी त्याआधीची आहे. डबा पाझरत असेल तर उघड्या हाताने धरू नये, कापून तर मुळीच पाहू नये. आपल्या गावच्या घातक कचऱ्याच्या संकलनात तो जमा करावा.

आता लाकडाकडे येतो, कारण माझ्या मते खरा आराखड्यातला फरक इथेच आहे. जुन्या ला स्कालाच्या भिंती पाऊण इंची, म्हणजे १९ मिलिमीटर प्लायवूडच्या असतात. समोरून पाहिले तर दिसेल की दोन्ही बाजूंच्या उंच फळ्या म्हणजेच वूफरच्या कर्ण्याचा शेवटचा भाग आहेत, आणि पुढच्या कडेला त्यांना कसलाही आधार नाही. वूफरचा सगळा दाब या दोन निराधार फळ्यांमधून जातो आणि त्या थरथरतात. आपण मोबाइलवरून १०० ते २५० हर्ट्झपर्यंत सावकाश चढत जाणारा एकच स्वर वाजवावा आणि फळीच्या मध्यभागी बोटांची टोके हलकेच टेकवून ठेवावीत. माझ्या पेट्यांत १४० ते १६० हर्ट्झच्या दरम्यान फळी बोटांना चक्क ढकलते.

हा आकडा आपल्या कानांच्या दृष्टीने फार गमतीचा आहे. हार्मोनियमवरच्या काळी एक या पट्टीचा षड्ज म्हणजे सुमारे १३८.६ हर्ट्झ आणि पांढरी दोनचा सुमारे १४६.८. पुरुष गवयांचा षड्ज बहुतांशी याच परिसरात असतो. म्हणजे गवई षड्जावर येऊन स्थिरावला की पेटीची फळीही त्याच्याबरोबर सूर धरते आणि तो थांबल्यावर क्षणभर उशिरा थांबते. आपण ज्याला भरदार आवाज म्हणता त्यातला काही भाग मन्सूरांचा नसून बर्चच्या लाकडाचा आहे, असे माझे मत आहे. २००० च्या दशकात आलेल्या ‘ला स्काला २’ मध्ये कंपनीने भिंती एक इंची एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) केल्या आणि एएल५ नेही तेच धोरण ठेवले. तिथे ही थरथर जवळपास नाही, आणि म्हणून तोच आवाज आपल्याला सडसडीत वाटतो.

मधल्या कर्ण्याचा विषय त्यामानाने लहान आहे. जुना ‘के-४००’ हा ओतीव ॲल्युमिनियमचा, नंतरचा ‘के-४०१’ त्याच आकाराचा पण धातूविरहित. धातूच्या कर्ण्यावर नखाने टिचकी मारली तर तो घंटेसारखा वाजतो; बाहेरून चिकट रबरी पट्टी गुंडाळली की वाजायचा थांबतो. याहून अधिक त्यात काही नाही आणि यावर लोक जितके भांडतात तितके ते महत्त्वाचेही नाही.

जे बदललेले नाही तेही सांगायला हवे. पन्नास हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळपास सात मीटर असते. तिला कर्ण्यातून व्यवस्थित बाहेर काढायचे तर कर्ण्याचे तोंड त्या मानाने मोठे हवे, आणि ६० सेंटिमीटर रुंदीच्या पेटीत ते मावत नाही. क्लिप्शॉर्न या थोरल्या भावंडाने खोलीचा कोपराच कर्ण्याचा शेवटचा भाग म्हणून वापरला. ला स्कालाने ती सोय सोडून दिली, कारण ती कुठेही नेऊन ठेवता यावी असा तिचा हेतू होता. त्यामुळे जुनी असो वा नवी, शंभर हर्ट्झच्या खाली तिचा जोर ओसरू लागतो आणि पन्नासच्या आसपास ती संपते. नवी घेतली म्हणजे पखवाजाचा ‘धा’ अधिक खोल जाईल, या आशेवर पैसे घालू नयेत.

शेवटी तुलनेच्या पद्धतीविषयी. ही पेटी एका वॉटला सुमारे १०४ डेसिबल आवाज देते. घरातले सर्वसाधारण लाउडस्पीकर ८८ च्या आसपास देतात. हा १६ डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीच्या भाषेत चाळीस पट, म्हणून आपले आठ वॉट इथे भरपूर आहेत. परंतु व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा स्वतःचा रोध अधिक असतो, आणि ला स्कालाचा रोध स्वरागणिक बराच वरखाली होतो. या दोहोंच्या एकत्रित परिणामाने कुठला पट्टा उठतो, कुठला बसतो. तेव्हा दोन्ही आवृत्त्यांची एकेक पेटी एकाच खोलीत, एकाच ॲम्प्लिफायरवर, शेजारी शेजारी ठेवावी, ध्वनिमुद्रण मोनो करून, म्हणजे दोन्ही वाहिन्या एकत्र करून, वाजवावे आणि दोहोंची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवावी. थोडे मोठ्याने वाजणारे यंत्र माणसाला नेहमी अधिक चांगले वाटते. हा कानाचा दोष आहे आणि विक्रेत्यांना तो चांगला ठाऊक आहे.

मांडववाला_कोल्हापूर

वरचे उत्तर उत्तम आहे. मी संगीतातला जाणकार नाही. आमचा चाळीस वर्षे लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा होता. लग्ने, सभा, उरूस, गणपती. तरीही या विषयाशी माझा संबंध आहे, कारण आपली ही ला स्काला मुळात आमच्याच जातकुळीची आहे.

ती १९६३ च्या सुमारास तयार झाली, त्यामागे विन्थ्रॉप रॉकफेलर यांच्या अर्कान्सास राज्याच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीतल्या प्रचारसभांची गरज होती. १९६४ ची ती निवडणूक ते हरले आणि १९६६ ची जिंकले. मिलानच्या सुप्रसिद्ध ऑपेराघराचे नाव धारण करणारी ही पेटी जन्माने प्रचारसभेचा भोंगा आहे, हे कळले तेव्हा मला फार आनंद झाला होता. बिनझाकणाच्या पेट्या, टेम्पोत चढवता येतील असा आकार, थोड्या शक्तीत मैदानभर आवाज, हे सगळे गुण त्या कामाचे आहेत. बाजूच्या फळ्यांना आधार न देण्याचे कारणही, माझ्या अंदाजाने, वजन कमी ठेवणे हेच असावे; पण हा माझा धंद्यातला तर्क समजावा.

दुसरी गोष्ट युनिटची, म्हणजे कर्ण्यामागे बसून आवाज निर्माण करणाऱ्या भागाची. आपल्या जोडीत मधल्या कर्ण्यामागे जे ‘के-५५-व्ही’ युनिट असेल ते क्लिप्शने स्वतः बनवलेले नाही. ते ॲटलस कंपनीचे, म्हणजे मैदानी भोंग्यांची युनिटे बनवणाऱ्यांचे आहे. ट्वीटरही तसाच इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीच्या टी-३५ वरून घेतलेला. कंपनीचे संस्थापक पॉल क्लिप्श यांचे कौशल्य बाजारात मिळणाऱ्या मजबूत युनिटांना योग्य कर्णा आणि योग्य क्रॉसओव्हर देण्यात होते. म्हणून जुन्या युनिटांना देवघरात बसवण्याचे कारण नाही आणि घाबरण्याचेही नाही.

के-५५-व्ही च्या आतला पडदा फिनॉलिक (राळेत भिजवलेल्या) कापडाचा असतो. तो धातूच्या पडद्यासारखा तडकत नाही, मात्र गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे पडून राहिल्यावर लोहचुंबकाच्या फटीत बारीक गंज किंवा धूळ शिरते आणि व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारे तारेचे वेटोळे) घासू लागते. आम्ही हे असे तपासत असू: युनिट कर्ण्यावरून सोडवायचे, अगदी हलक्या आवाजात ५०० हर्ट्झचा शुद्ध स्वर द्यायचा आणि तोंडाशी कान न्यायचा. निरोगी युनिट बासरीसारखे वाजते. घासणाऱ्या युनिटमधून त्या स्वराच्या मागे, कोरड्या पानावरून मुंगळा चालावा तशी खरखर येते. ती असेल तर पडदा काढून फटीत चिकटपट्टीची घडी फिरवली की गाळ बाहेर येतो. चिकटपट्टी काळी होऊन निघाली की पुन्हा नवी घ्यायची, पांढरी निघेपर्यंत. डाव्या आणि उजव्या युनिटचे पडदे एकमेकांत बदलू नयेत, आणि स्क्रू एकदम एकच आवळू नये. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जावे.

वूफरची दिशाही तपासून घ्या, कारण ४५ वर्षांत कुणीतरी तो काढून उलटा जोडला असण्याची शक्यता असते. आतले झाकण उघडून वूफरच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावायचा. धन टोक धनाला लावल्यावर शंकू पुढे यायला हवा. सेलची ही परीक्षा मधल्या युनिटवर किंवा ट्वीटरवर करू नये.

आणि हो, ट्वीटरला आठ वॉटच्या ॲम्प्लिफायरने काही होणार नाही असे समजू नका. लहान ॲम्प्लिफायर ताणून वाजवला की त्याच्या आवाजाची शेंडी कापली जाते आणि त्यातून निघणारी वरच्या स्वरांची गर्दी थेट ट्वीटरवर येते. आमची सर्वांत जास्त युनिटे मोठ्या ॲम्प्लिफायरने नव्हे, भाषण रंगात आल्यावर कार्यकर्त्याने बटण पूर्ण फिरवलेल्या छोट्या ॲम्प्लिफायरने जळली.

तिसरा_मजला_ठाणे

मी विरुद्ध बाजूने थोडे लिहितो. वरच्या दोन्ही उत्तरांत जुन्या जोडीला सुधारून घेण्याकडे कल दिसतो आणि तो हौशी माणसाला साजेसाही आहे, परंतु त्यातून असे चित्र तयार होते की नवी आवृत्ती म्हणजे केवळ जाड भिंतींची जुनीच पेटी. तसे नाही. नव्या क्रॉसओव्हरमध्ये मधला कर्णा ६००० ऐवजी सुमारे ४५०० हर्ट्झलाच ट्वीटरच्या हाती सूत्रे देतो. हा बदल कागदावर क्षुल्लक दिसतो, पण मधल्या युनिटला वरच्या टोकाला जी ओढाताण करावी लागते ती त्यामुळे वाचते, आणि स्त्रीस्वराच्या तार सप्तकातल्या जागा, विशेषतः जलद तानेतले स्वर, सुटे सुटे ऐकू येतात. किशोरीताईंची तान दोन्हींवर ऐकून पाहा. मन्सूरांवरून निकाल देणे जुन्या पेटीच्या बाजूने झुकते, कारण काळी_एक यांनीच दाखवल्याप्रमाणे त्यांचा षड्ज फळीला मानवतो.

‘आवाज वाढवला की टोचतो’ या तक्रारीबाबत माझा संशय खोलीवर आहे. कर्ण्याचा झोत अरुंद असतो. पेट्या थेट कानावर रोखल्या आणि मागे उघडी भिंत असली की असेच होते. पेट्यांची तोंडे श्रोत्याच्या किंचित पुढे एकमेकांना छेदतील अशी वळवावीत.

मात्र पुण्याला येणार असाल तर एमडीएफविषयी मला स्वतःला काळजी आहे. आमच्याकडे एमडीएफच्या दुसऱ्या एका पेटीची खालची कड एका पावसाळ्यात बिस्किटासारखी फुगली, तीही गळतीने नव्हे, तर ओल्या फरशीने.

काळी_एक

४५०० चा मुद्दा मान्य आहे. तो मी लिहायला हवा होता. किशोरीताईंच्या तानेचा निकष माझ्यापेक्षा चांगला आहे.

एमडीएफबाबत: फुगते ती कड, जिथे कापलेला भाग रंगाशिवाय उघडा असतो. पेटी फरशीपासून दोन बोटे उचलून ठेवली आणि खालची कड लाखेने किंवा रंगाने बंद केली तर पुण्याच्या हवेत अडचण येऊ नये. मुंबई-कोकणात मी तरीही प्लायवूडच पसंत करीन, पण तिथे वाळवीकडे लक्ष ठेवावे लागते. खरी अडचण वजनाची आहे. जुनी पेटी दोन माणसे जिन्याने नेतात. नवीचे दोन भाग सुटे होतात ही सोय असली, तरी खालचा भाग उचलताना तिसरा माणूस लागतो आणि तो कुरकुरतो.

फळ्यांना आधार द्यायचा विचार असेल तर आधी सरस लावू नका. वूफरच्या कर्ण्याच्या तोंडात, मधल्या त्रिकोणी भागापासून बाजूच्या फळीपर्यंत नेमक्या मापाची १९ मिलिमीटर प्लायवूडची आडवी पट्टी घट्ट बसवून पाहा. आवडले नाही तर काढता येईल.

डॅलसकर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला सात आठवडे लागले, कारण सांगितलेले बहुतेक सगळे करून पाहिले. मध्यंतरी एका शनिवारी आय-३० महामार्गाने अर्कान्सासमधल्या होप गावीही जाऊन आलो. पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये याच गावी एका पत्र्याच्या शेडमध्ये कारखान्याची सुरुवात केली होती आणि तिथे आता त्यांच्या कामाचे संग्रहालय आहे. (बिल क्लिंटन यांचे जन्मगावही हेच, त्यामुळे गावात पाट्या त्यांच्याच अधिक आहेत.)

आता निष्कर्ष. मी मुद्दाम फक्त उजव्या पेटीतले कपॅसिटर बदलले आणि डावी तशीच ठेवली, म्हणजे एकाच वयाच्या, लागोपाठ क्रमांकांच्या दोन पेट्यांत तेवढाच एक फरक राहिला. मोनो करून आलटून पालटून ऐकले. डावीवर तानपुरा पूर्वीसारखाच एकसंध गुंजत होता. उजवीवर जोडीच्या दोन तारा वेगळ्या कळल्या, आणि त्या दोहोंच्या सुरांत जो केसभर फरक होता त्यामुळे येणारे सावकाश हेलकावेही ऐकू आले. ही ध्वनिमुद्रिका मी कॉलेजपासून ऐकतो आहे. तो तानपुरा किंचित उतरलेला आहे हे मला आज कळले. त्याच संध्याकाळी डावीचेही कपॅसिटर बदलले.

त्यानंतर मित्राने एएल५ ची एक पेटी आमच्याकडे आणली. खरोखरच तीन माणसे लागली, आणि तिसरा मी शेजाऱ्यांचा मुलगा पकडला. एकाच खोलीत, माझ्याच ॲम्प्लिफायरवर, पातळी जुळवून ऐकल्यावर पहिल्या दिवशी जाणवलेला बराचसा फरक नाहीसा झाला. जवारी आता दोन्हींवर होती. टोचणेही गेले, म्हणजे ते मित्राच्या खोलीचे किंवा त्याच्या ॲम्प्लिफायरचे होते. पखवाजाच्या खालच्या अंगाला दोन्ही पेट्या सारख्याच कमी पडल्या. उरले ते दोनच फरक. किशोरीताईंच्या जलद तानेत नवी पेटी निःसंशय सरस आहे, इतकी की मित्र माझ्याकडे पाहून नुसता हसला. आणि पुरुषस्वराच्या मंद्र-मध्य भागात जुनी पेटी अजूनही काहीतरी स्वतःचे मिसळते.

तेव्हा फळीला मोबाइल चिकटपट्टीने बांधून त्यातल्या कंपनमापकावर पाहिले. माझ्या पेटीत सर्वाधिक थरथर १५० हर्ट्झच्या जवळ येते. काळी_एक यांनी सांगितलेल्या पट्ट्या सरसाविना, क्लॅम्प लावून बसवल्यावर ती निम्म्याहून खाली गेली. मांडववाले काकांचे म्हणणेही खरे निघाले: डाव्या के-५५-व्ही मध्ये मुंगळा होता. चिकटपट्टीच्या सहा घड्या काळ्या निघाल्या, सातवी पांढरी.

सध्या आई-बाबा इथे आले आहेत. बाबांना मी यातले काही सांगितले नव्हते. पट्ट्या बसवलेल्या दिवशी त्यांनी नेहमीची ध्वनिमुद्रिका लावायला सांगितली, पाच मिनिटे ऐकली आणि गवयाविषयी विचारले, “अण्णांना आज बरं नाहीये का?” मी पट्ट्या काढल्या तेव्हा ते समाधानाने पुढे ऐकत बसले. आईला पट्ट्यांसकट अधिक आवडते. तिचे म्हणणे असे की तबला आता तबल्यासारखा वाटतो, दाराच्या कडीसारखा नाही.

जोडी विकत नाही, एवढे ठरले आहे. पट्ट्या क्लॅम्पवरच आहेत. दुपारी आई ऐकते तेव्हा लावतो आणि संध्याकाळी बाबांसाठी काढतो. सरस ते पुण्याला परत गेल्यावर पाहू.